‘वॉडिजूसे’ म्हणजे किती शब्द?

मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला हवामान बदलावरची पाच मिनिटांची इंग्रजी बातमी बऱ्यापैकी कळते, पण दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला अर्ध्या मिनिटाचा इंग्रजी संवाद डोक्यावरून जातो. ऐकण्याचा सराव घ्यायला लागलं की हे पहिल्याच आठवड्यात दिसतं आणि शिकणारा चक्रावतो. अवघड ते कळतं आणि सोपं ते कळत नाही, हे कसं काय?

बातमीतले महत्त्वाचे शब्द लांबलचक असतात, त्यांच्यावर जोर पडतो आणि त्यातले निम्मे मराठी पेपरातून आधीच डोळ्यांखालून गेलेले असतात. 2015 चा पॅरिस करार, दीड अंशांची मर्यादा, एल निनो आणि आपला पाऊस यांचं नातं. विषय ओळखीचा असला की कान पुढचा अंदाज बांधत जातो. दुकानातलं वाक्य मात्र असं येतं: ‘आयल पॉप राउंड लेटर अन पिकिटप.’ पॉप, राउंड, पिक, इट, अप. सगळे शाळेतले शब्द. ‘नंतर येऊन घेऊन जातो’ एवढाच अर्थ. पण ‘पिक इट अप’ हे तीन शब्द तीन तुकड्यांत कुणी बोलतच नाही, आणि आपल्या कानात ते तीन तुकडेच साठवलेले असतात.

म्हणून आम्ही पुस्तकांतला नेहमीचा क्रम उलटा लावतो. ‘आधी रोजचे विषय, मग जगाचे’ असं न करता पहिले तीन-चार आठवडे जगाचे विषय, आणि कान जरा तापला की दुकान, डॉक्टर, भाड्याचं घर, फोनवरची चौकशी.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावायची. जे ऐकू येईल ते आधी देवनागरीत लिहायचं. इंग्रजी स्पेलिंगच्या मागे लागलं की हात ओळखीच्या शब्दाकडे धावतो आणि कानाने खरं काय ऐकलं ते पुसलं जातं. देवनागरीत तसं होत नाही. ‘आय वुड हॅव टोल्ड हिम इफ ही हॅड आस्क्ड मी’ हे पुस्तकातलं दहा शब्दांचं वाक्य बोलताना ‘आयडव टोल्डिम इफीड आस्क्मी’ असं होतं. ‘वुड’चा ड उरला, ‘हॅव’चा नुसता व, ‘हिम’ आणि ‘ही’ यांचा ह गेला. हे कागदावर डोळ्यांसमोर आलं की शिकणाऱ्याला एकदम उमगतं की आपली शब्दसंपत्ती कमी नव्हती. मराठीतही हेच चालतं. ‘कुठे चालला आहेस’ असं व्याकरणात असतं, तोंडात ‘कुठे चाललायस’. मराठी शिकणारा परदेशी माणूस त्या ‘लायस’ला अडखळतो, तसेच आपण ‘टोल्डिम’ला अडखळतो.

देवनागरीच्या अडचणीही आहेत. आपला ‘व’ इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींसाठी एकटाच राबतो, त्यामुळे द्राक्षाचा वेल आणि द्राक्षाची दारू दोन्ही वहीत ‘वाइन’च होतात. दातांनी ओठ दाबून काढायचा तो ‘व’ असेल तर आम्ही त्याच्याखाली रेघ मारतो. ‘ज’ आणि ‘झ’च्या गोंधळासाठी हिंदीतला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, उसना घेतो. मात्र इंग्रजीतला सर्वांत जास्त वापरला जाणारा स्वर, तो ओझरता दबका ‘अ’, आपल्या अ ने चांगला पकडता येतो. ‘टू’ ऐवजी ‘ट’, ‘फॉर’ ऐवजी ‘फ’, ‘ऑफ’ ऐवजी ‘अव’ असं लिहायला हात शिकला की अर्धी लढाई होते. इंग्रजी बोलताना जोर पडलेली अक्षरं ठरावीक अंतराने येतात आणि मधली सगळी त्या अंतरात कोंबली जातात. मराठीत प्रत्येक अक्षराला आपला न्याय्य वाटा मिळतो, म्हणून आपण ‘कम्फर्टेबल’ असं पूर्ण म्हणतो आणि समोरचा ‘कम्फ्टबल’ म्हणून मोकळा होतो. ‘व्हेजिटेबल’चं ‘व्हेज्टबल’, ‘टेम्परेचर’चं ‘टेम्प्रचर’. आपण ज्या उच्चाराची वाट पाहत बसतो तो येतच नाही.

आता एका बैठकीत काय करायचं ते सांगतो. वेळ पाऊण तास आणि लिहून काढायचा मजकूर जास्तीत जास्त एक मिनिट. इथे बहुतेकांचा विश्वास बसत नाही. अर्धा तास पॉडकास्ट कानात सोडून भांडी घासली तर ओळख वाढते, कान तयार होत नाही. एका मिनिटात साधारण दीडशे शब्द येतात आणि नीट पिंजायला तेवढे पुष्कळ होतात.

मजकूर कुठला? बीबीसी लर्निंग इंग्लिशचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम सुरुवातीला सोयीचा पडतो. दोन निवेदक, सहा मिनिटं, सुरुवातीला तीन पर्यायांचा एक प्रश्न आणि शेवटी त्याचं उत्तर. लेखी उतारा सोबत मिळतो. निवेदक लिहिलेलं वाचत असतात, सावकाश आणि स्वच्छ. पण मध्ये एखाद्या तज्ज्ञाच्या खऱ्या मुलाखतीचा तुकडा येतो, वीस-तीस सेकंदांचा, आणि तिथे माणूस अडखळतो, वाक्य अर्धं सोडतो, शब्द गिळतो. लिहून काढायला घ्यायचा तो हाच तुकडा. बाकीची साडेपाच मिनिटं विषय समजण्यासाठी नुसती ऐकायची. त्यांच्या उताऱ्यावर तो शब्दशः नसल्याची सूचना छापलेली असते, तेव्हा एखादा शब्द जुळला नाही तर लगेच स्वतःच्या कानाला दोष देऊ नका.

व्हॉइस ऑफ अमेरिकाने 19 ऑक्टोबर 1959 रोजी ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केलं होतं. सुमारे दीड हजार शब्दांची मर्यादा, छोटी वाक्यं, मुद्दाम संथ वाचन. या धाटणीचं साहित्य अगदी नवख्याला धीर देतं. पण आमचं मत असं की दोन आठवड्यांच्या पुढे त्यात रमू नये. संथ वाचनात शब्द सुटे राहतात, आणि आपलं दुखणं नेमकं जोडलेल्या शब्दांचं आहे.

पहिल्यांदा ऐकताना हातात पेन घ्यायचं नाही. तुकडा सलग, न थांबवता ऐकायचा आणि मग मराठीत दोन ओळी लिहायच्या: कोण बोलतंय, कशाबद्दल, बाजूने की विरुद्ध. मराठीतच, कारण इथे तपासायचं आहे ते समजलं की नाही. दुसऱ्यांदा ऐकताना जोर पडलेले शब्द टिपायचे, दहा-बारा पुरेत. तिसऱ्या फेरीला खरं शुद्धलेखन घालायचं. चार-पाच शब्दांनंतर थांबवायचं, ऐकलेलं देवनागरीत लिहायचं, पुन्हा तेच. एका तुकड्याला जास्तीत जास्त पाच वेळा. सहाव्यांदा ऐकून काही नवं कळत नाही, डोकं तापतं आणि नसलेले शब्द ऐकू यायला लागतात. कळलं नाही तिथे रिकामी रेघ मारायची, आणि ती रेघ अंदाजाने तेवढी लांब हवी. तिथे किती शब्द असतील हेही लिहायचं. ‘वॉडिजूसे’ ऐकून कुणी एक लिहितं, कुणी दोन. बरोबर उत्तर चार आहे: वॉट, डिड, यू, से. शब्द कळले नसले तरी संख्या बरोबर आली, तर कान वाटेवर आहे असं समजायचं.

मग त्या देवनागरी ओळीखाली इंग्रजी स्पेलिंगमध्ये वाक्य लिहायचं, आणि त्यानंतरच उतारा उघडायचा. उतारा आधी वाचला की पुढचं ऐकणं हे ऐकणं राहत नाही; डोळ्याने वाचलेलं कान फक्त ओळखतो आणि ‘आज सगळं कळलं’ असा खोटा आनंद होतो. पडद्यावरच्या सबटायटलचंही तेच, शिवाय आपोआप तयार होणाऱ्या सबटायटलमध्ये नावं आणि आकडे हमखास चुकतात.

जुळवताना लाल पेनाने प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर लिहायचं. शब्दच माहीत नव्हता तर ‘न’. माहीत होता पण शेजारच्याला चिकटल्यामुळे ओळखला नाही तर ‘ज’. छोटा शब्द गिळला गेला तर ‘ग’. नाव किंवा आकडा चुकला तर ‘आ’. शेवटी मोजायचं. जगाच्या विषयांत ‘न’ आणि ‘आ’ जास्त निघतात, रोजच्या संवादांत ‘ज’ आणि ‘ग’ची रांग लागते. हा हिशेब हातात असला की पुढे काय करायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. ‘न’ला शब्दकोश हे औषध. ‘ज’ आणि ‘ग’ला शब्दकोशाचा काहीही उपयोग नाही, तिथे ते वाक्य त्याच वेगात, त्याच चालीत आठ-दहा वेळा बोलणाऱ्याच्या मागोमाग म्हणायचं. तोंडाला जोडता आलं की कानाला तोडता येतं.

साधनांबद्दल थोडंसं. व्हीएलसी प्लेअरमध्ये एका ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंतचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येतो. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात आवाजाची पट्टी न बदलता वेग कमी करता येतो. पण पाऊणपटीच्या खाली जाऊ नका. वेग कमी केल्याने गिळलेला शब्द परत येत नाही, तो नुसता ताणला जातो. लिहून काढताना इअरफोन हवेतच, कारण पंख्याच्या आवाजात फोनच्या स्पीकरमधून शब्दाच्या टोकाचे स, ट, ड ऐकू येत नाहीत, आणि अनेकवचन नि भूतकाळ तर त्या टोकाशीच असतात.

आकड्यांना मात्र स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. मराठी डोक्याची यात खास अडचण आहे. आपण सत्तेचाळीस म्हणतो, म्हणजे सात आधी आणि चाळीस नंतर. इंग्रजीत चाळीस आधी. कानावर ‘फॉर्टी-सेव्हन’ पडलं, डोक्याने त्याचं सत्तेचाळीस केलं आणि हाताने 74 लिहिलं, असं वहीत वारंवार सापडतं. एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी तर आणखी खट्याळ, कारण ‘ट्वेंटी-नाइन’ ऐकून मनात ‘तीस’चा उच्चार होतो. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, एकवीस’ अशी मांडणी आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. त्या वादात शिरायचं कारण नाही, पण इंग्रजी आकडे ऐकताना मनातल्या मनात ‘चाळीस सात’ असंच म्हटलं तर चूक कमी होते हे खरं. त्याहून चांगलं म्हणजे मनात काहीच न म्हणता ऐकता ऐकता थेट अंक लिहिणं.

थर्टी आणि थर्टीन यांत शेवटचा न शोधत बसू नका, वेगात तो सापडत नाही. अमेरिकन बोलण्यात ‘थर्टी’चा ट मऊ होऊन ‘थर्डी’ होतो, पण ‘थर्टीन’चा ट खणखणीत राहतो. ड ऐकू आला की तीस, ट ऐकू आला की तेरा. ‘फॉर्टी’ आणि ‘फोर्टीन’लाही हे चालतं.

मोठे आकडे जागतिक विषयांत पावलोपावली येतात. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी, हे पाठ सर्वांना असतं. गाडी अडते ती ऐकता ऐकता रूपांतर करण्यात. निवेदक ‘एट बिलियन’ म्हणाला की आपण आठशे कोटी करत बसतो आणि तेवढ्यात पुढची दोन वाक्यं निघून जातात. वहीत फक्त ‘8 बि’ लिहा आणि सोडून द्या. नंतर बिलियनला शंभरने गुणून कोटी म्हणायचं: 1.4 बिलियन म्हणजे 140 कोटी. मिलियनला दहाने गुणून लाख: 3.5 मिलियन म्हणजे 35 लाख. सरावाला लोकसंख्येच्या बातम्या उत्तम. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने 15 नोव्हेंबर 2022 ला जगाची लोकसंख्या आठ बिलियन झाली, आणि 2023 मध्ये भारत चीनच्या पुढे गेला. या दोन बातम्यांवर इंग्रजीत ऐकायला भरपूर मिळतं आणि आकडे आधीच माहीत असल्याने कान जोडणीकडे लक्ष देऊ शकतो. वेळेच्या बाबतीत मात्र मराठी मदतीला येते. ब्रिटिश माणूस ‘हाफ सेव्हन’ म्हणाला की ते सरळ आपलं साडेसात, आणि ‘क्वार्टर टू एट’ म्हणजे पावणेआठ.

नावांचा उपद्रव वेगळा. ‘लेस्टर’ हे नाव क्रिकेटमुळे ओळखीचं, पण नकाशावर वाचणारा त्याला ‘लायसेस्टर’ म्हणत असतो. ‘वुस्टर’, ‘ग्रेनिच’, ‘एडिन्बरा’, ‘टेम्स’ यांचंही तसंच. जागतिक बातमी ऐकण्याआधी नकाशावरची चार नावं इंग्रजी उच्चारासह ऐकून ठेवली की दोन मिनिटांत काम होतं.

उच्चारांच्या तऱ्हा चौथ्या आठवड्यानंतर मिसळायच्या. ऑस्ट्रेलियन ‘टुडे’ आपल्याला ‘टुडाय’ ऐकू येतं. इंग्लंडच्या दक्षिणेत ‘कार पार्क’मधले दोन्ही र गायब. पण सर्वांत महागात पडणारी जागा अमेरिकन ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ची. ‘कान्ट’चा शेवटचा ट तिथे जवळजवळ ऐकू येत नाही आणि स्वरही ‘कॅ’ असतो. मग ओळखायचं कसं? होकारार्थी वाक्यात ‘कॅन’ दबून ‘कन’ होतो: ‘आय कन गो’. पूर्ण, स्वच्छ, जोर दिलेला ‘कॅन’ ऐकू आला तर बहुधा तो नकार असतो. एका ट मुळे अर्थ उलटा होतो, त्यामुळे यावर निदान वीस वाक्यं घासून घ्यावीत.

रोजच्या विषयांकडे वळताना महाराष्ट्रात एक गैरसोय आहे: आपल्या आसपास रोजचं इंग्रजी सहज वेगात फारसं कानावर पडत नाही. लोकलमधल्या घोषणा आधी मराठीत कळतात, पण त्या रेकॉर्ड केलेल्या, संथ आणि सुट्या शब्दांच्या. त्यापेक्षा क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री फार कामाची. समालोचक पूर्ण वेगात, शब्द जोडून बोलतो आणि विषय आपल्या रक्तातला. फक्त चित्र बघायचं नाही. टीव्ही असेल तर पाठ करून बसा. एक षटक घ्यायचं. प्रत्येक चेंडूला एक ओळ: चेंडू कुठे पडला, फटका कुठे गेला, धावा किती. षटक संपलं की क्रिकेटच्या संकेतस्थळावरचं चेंडूगणिक धावतं वर्णन उघडून जुळवायचं. तयार उत्तरपत्रिका! ‘आउटसाइड ऑफ’, ‘डाउन द लेग साइड’, ‘थ्रू द कव्हर्स’ असे तुकडे एका षटकात इतक्यांदा येतात की जोडलेले शब्द जोडलेलेच कानात बसतात. ज्यांना क्रिकेटचा कंटाळा आहे त्यांनी पाककृतींचे व्हिडिओ घ्यावेत, पडदा उलटा ठेवून. ‘अॅडिट टद पॅन’ यातला ‘टद’ म्हणजे ‘टू द’ हे तिथे चांगलं मुरतं.

मग दोन माणसांचे संवाद. इथे मुख्य अडचण बोलणाऱ्याने स्वतःच स्वतःला खोडण्याची. ‘मंगळवारी भेटू, नाही थांब, मंगळवारी जमणार नाही, गुरुवारी ये.’ शिकणाऱ्याने मंगळवार लिहून पेन खाली ठेवलेलं असतं. आयईएलटीएस या परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी चाचणीतल्या श्रवण परीक्षेत हा सापळा ठरलेला आहे. तिथे चार भाग, चाळीस प्रश्न, साधारण तीस मिनिटं आणि प्रत्येक ध्वनिफीत एकदाच. पहिले दोन भाग रोजच्या व्यवहाराचे, पुढचे दोन शिक्षणाचे. पहिल्या भागात नाव, पत्ता, फोन नंबर. सोप्या वाटणाऱ्या या जागीच गुण जातात. शून्याला ‘ओ’ म्हणतात, दोन सातांना ‘डबल सेव्हन’, आणि अमेरिकन तोंडातलं शेवटचं अक्षर ‘झी’ मराठी कानाला ‘जी’ वाटतं. उत्तर किती शब्दांत हवं ते वर लिहिलेलं असतं. दोनची मर्यादा असताना तीन शब्द लिहिले की बरोबर उत्तरही चूक धरतात. स्पेलिंग चुकलं तरी तसंच. म्हणून देवनागरीची सवय परीक्षेच्या आधी महिनाभर सोडून द्यायची, तोवर तिचं काम झालेलं असतं.

एक शब्द निसटला की त्यालाच कवटाळून बसणं, हा दोष शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. त्या दोन सेकंदांच्या नादात पुढची दहा सेकंदं जातात. यावर आमच्याकडे एक रुक्ष व्यायाम आहे. तीस सेकंदांचा तुकडा सलग लावायचा आणि न कळलेल्या प्रत्येक जागी वहीत फक्त एक टिंब द्यायचं, विचार करायचा नाही. टिंब देऊन झालं की पुढचा शब्द ऐकायचा. शेवटी टिंबं किती, आणि त्यातली सलग किती, ते मोजायचं. सलग टिंबं कमी होऊन सुटी टिंबं उरली की काम होतंय.

सातव्या दिवशी त्याच आठवड्यातला पहिला तुकडा पुन्हा काढायचा. वही बंद, उतारा बंद, कोरा कागद. पहिल्या दिवशी जिथे रिकामी रेघ होती तिथे आज शब्द आला का, तेवढंच बघायचं. ‘न’ खुणेच्या जागा बहुतेक भरलेल्या असतात. ‘ज’च्या निम्म्याच भरतात, आणि उरलेल्या निम्म्या वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून उतरवायच्या, म्हणजे चौदाव्या दिवशी त्यांनाच आधी घेता येतं.